कुंपण नव्हतंच ते

३० एप्रिल २००७ रोजी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत दोन घराण्यांची माणसं एकत्र बसली. एक घराणं ग्रंथपालांचं. पुस्तकाची नोंद कशी करावी याचे नियम लिहिण्यात त्यांच्या पिढ्या गेलेल्या. त्या वेळी ‘रिसोर्स डिस्क्रिप्शन अँड ॲक्सेस’, थोडक्यात आरडीए, या नव्या नियमावलीचं काम त्यांच्या हाती होतं. दुसरं घराणं वेबवाल्यांचं. डब्लिन कोअर ही वेबवरच्या वस्तूंचं वर्णन करायची शब्दसूची आणि सिमँटिक वेब यांच्या कामात मुरलेली ही मंडळी. एका यंत्राची माहिती दुसऱ्या यंत्राला उमगावी कशी, हा त्यांचा विषय. दोन दिवस चर्चा झाली. १ मे रोजी उठताना ठरलं, की आरडीएमधले घटक, म्हणजे शीर्षक, आवृत्ती, भाषा, प्रकाशक असं जे जे तालिकेत येतं ते सगळं, वेबच्या भाषेत म्हणजे आरडीएफमध्ये जाहीर करायचं. प्रत्येकाला स्वतःचा पत्ता, स्वतःची व्याख्या आणि तो कशाला लागू पडतो याची घोषणा.

सोयरीक जुळली. फक्त त्या ‘घोषणे’चा अर्थ दोन्ही घरांत वेगळा होता. एका घरात घोषणा म्हणजे हुकूम. दुसऱ्या घरात घोषणा म्हणजे साक्ष. साक्षीदाराने सांगितलं ते खरं धरून चालायचं आणि त्यावरून पुढचं काढायचं. माझ्या मते पुढच्या तेरा वर्षांतल्या बऱ्याचशा घोळाचं मूळ या एका फरकात आहे.

ग्रंथपालांच्या घरातली रीत आधी पाहू. ब्रिटिश लायब्ररीचा पूर्वज म्हणजे ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय. इटलीतून परागंदा होऊन आलेले अँटोनियो पनिझ्झी तिथे कामाला लागले आणि १८४१ मध्ये तिथल्या तालिकेसाठी ९१ नियम छापून निघाले. नाव कसं लिहायचं, निनावी ग्रंथ कुठे टाकायचा, अनुवाद कोणाच्या नावाखाली. या ९१ नियमांवर त्या काळी भरपूर टीका झाली, पण वळण पडलं ते पडलंच. नोंद म्हणजे नियम, आणि नियमात न बसणारी नोंद म्हणजे चूक. ती दुरुस्त होईपर्यंत तालिकापत्र खणात जायचं नाही.

संगणक आला तेव्हाही हे वळण मोडलं नाही, उलट पक्कं झालं. १९६५ मध्ये हेन्रिएट ॲव्हरम लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये रुजू झाल्या. त्या ग्रंथपाल नव्हत्या, प्रोग्रॅमर होत्या. तालिकापत्रावरचा मजकूर चुंबकीय फितीवर कसा उतरवायचा हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यासाठी त्यांना तालिकाकारांच्या शेजारी बसून प्रत्येक स्वल्पविरामाचं कारण विचारावं लागलं. १९६६ मध्ये १६ ग्रंथालयांत प्रयोग सुरू झाला, १९६८ मध्ये सुधारित रचना तयार झाली आणि मार्च १९६९ पासून फिती वर्गणीने मिळू लागल्या. ही मार्क पद्धत. तिच्यात शब्दांऐवजी आकडे: १०० म्हणजे मुख्य लेखक, २४५ म्हणजे शीर्षक. कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली वापरणाऱ्या आपल्याकडच्या कुठल्याही महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना मध्यरात्री उठवून विचारा, २४५ म्हणजे काय ते झोपेतही सांगतील. आणि हेही सांगतील, की २४५ नोंदीत असलंच पाहिजे, एकदाच असलं पाहिजे, आणि तो रखाना रिकामा ठेवून नोंद साठवायला गेलं तर पडद्यावर तांबडी अक्षरं उमटतात.

ही तांबडी अक्षरं लक्षात ठेवायला हवीत. ग्रंथपालांच्या मनात ‘हे क्षेत्र पुस्तकालाच लागू’ याचा अर्थ कायम तोच राहिला: दुसऱ्या कशाला लावलंस तर अडवीन.

१९९८ मध्ये ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे इफ्लाने, एक अहवाल छापला. त्याचं लांबलचक नाव कोणी घेत नाही, सगळे ‘फर्बर’ म्हणतात. त्याने पुस्तक या एका शब्दाची चार पदरांत फोड केली. ‘गीतारहस्य’ घ्या. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात जो विचार रचला ती झाली कृती, वर्क. तो मराठीत मांडला ती एक अभिव्यक्ती, एक्स्प्रेशन. सुखठणकरांनी इंग्रजीत आणला ती दुसरी. १९१५ मध्ये छापून निघालेली आवृत्ती म्हणजे मॅनिफेस्टेशन, ‘प्रकट रूप’ म्हणू. आणि तुमच्या आजोबांच्या कपाटातली, कोपऱ्यात पाणी लागलेली, पहिल्या पानावर सही असलेली ती एक प्रत म्हणजे आयटम. कोणता तपशील कोणत्या पदराचा हे फर्बरने ठरवून दिलं. भाषा अभिव्यक्तीची. पृष्ठसंख्या प्रकट रूपाची. पाण्याचा डाग प्रतीचा. ग्रंथालयशास्त्रात इतकी देखणी मांडणी फार थोडी आहे, आणि तिच्यामुळे इतके वाद झालेली तर त्याहून थोडी.

फर्बरची बैठक डेटाबेसवाल्यांच्या ‘एंटिटी-रिलेशनशिप’ आराखड्याची होती. त्या आराखड्यात गुणधर्म हा आपल्या वस्तूच्या घरातला माणूस असतो. पृष्ठसंख्या प्रकट रूपाच्या घरात राहते. तिला बाहेर स्वतंत्र अस्तित्व नाही.

वेबवाल्यांच्या घरात याच्या नेमकं उलट होतं. आरडीएफमध्ये विधान तीन तुकड्यांचं: ‘गीतारहस्य’, लेखक, टिळक. मधला तुकडा, प्रॉपर्टी, हा स्वतंत्र नागरिक. त्याचा स्वतःचा वेब-पत्ता असतो आणि जगात कोणीही, कशाहीबद्दल बोलताना त्याला हाताशी घेऊ शकतो. आता असा मोकळा नागरिक कशाबद्दल बोलताना शोभतो, हे सांगायची सोय हवी. ती दोन शब्दांनी केली. विधानाच्या डाव्या बाजूला काय असतं ते सांगणारा डोमेन, उजव्या बाजूला काय असतं ते सांगणारी रेंज. लेखक या प्रॉपर्टीचं डोमेन दस्तऐवज, रेंज व्यक्ती. हे उदाहरण माझं नाही. आरडीएफ स्कीमाच्या अधिकृत दस्तऐवजात लेखक आणि पुस्तक यांचंच उदाहरण दिलं आहे. तेव्हा ग्रंथपालांना ते आपलं वाटलं यात त्यांचा काय दोष?

या डोमेन शब्दाचाही एक छोटा इतिहास आहे, आणि तो ग्रंथालयांच्या वर्तुळात फारसा सांगितला जात नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने आरडीएफ स्कीमाचा जो मसुदा मार्च २००० मध्ये पुढे ठेवला, त्यात डोमेन आणि रेंज यांना चक्क निर्बंधांच्या खान्यात टाकलं होतं. निर्बंध म्हणजे कुंपण. एका प्रॉपर्टीला रेंज फार तर एक. डोमेन मात्र कितीही, आणि अनेक असली तर त्यांपैकी कोणतंही चालेल: डोमेन पुस्तक, डोमेन चित्र, म्हणजे लेखक हा पुस्तकालाही लावा, चित्रालाही लावा. मसुद्याचे संपादक दोन. डॅन ब्रिकली, ब्रिस्टल विद्यापीठातले. दुसरे रामनाथन गुहा, मद्रास आयआयटीतून अमेरिकेला गेलेले आणि ॲपल, नेटस्केप करत इथवर आलेले. गुहा हे नाव या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

पुढे तर्कशास्त्राची माणसं कामाला बसली आणि त्यांनी एक अडचण दाखवली. वेब उघडं आहे. आज मी ‘डोमेन पुस्तक’ म्हणालो, उद्या टोकियोत कोणी त्याच प्रॉपर्टीला ‘डोमेन चित्र’ जोडेल. ‘यांपैकी कोणतंही’ असा अर्थ धरला तर माझ्या एका विधानावरून काहीच ठामपणे म्हणता येत नाही, कारण यादी कधी पुरी झाली हे कळायला मार्ग नाही. नवी माहिती आली की जुना निष्कर्ष कोसळणार. म्हणून १० फेब्रुवारी २००४ रोजी अंतिम शिफारस निघाली तेव्हा अर्थ फिरला होता. निर्बंधांचा खाना गेला. अनेक डोमेन असतील तर आता ती सगळी एकदम लागू. संपादक तेच दोघं, शब्द तोच, आणि ‘किंवा’चं ‘आणि’ झालेलं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कुंपण गेलं आणि त्या जागी अनुमान आलं. वाचनालयाच्या दिवाणखान्यात संस्थापकांचं तैलचित्र टांगलेलं असतं, त्याची नोंद करताना कोणी चित्रकाराचं नाव ‘लेखक’ या प्रॉपर्टीने जोडलं असं धरू. जुन्या पद्धतीचा संगणक ओरडेल, चित्राला लेखक कसा? २००४ नंतरचं आरडीएफ-यंत्र ओरडणार नाही. ते म्हणेल: लेखकाचं डोमेन दस्तऐवज आहे, या वस्तूला लेखक आहे, त्या अर्थी ही वस्तू दस्तऐवज आहे. आणि भिंतीवरच्या संस्थापकांना निमूटपणे कागदपत्रांत जमा करून टाकेल.

न्यायशास्त्राशी थोडीफार ओळख असलेल्याला यात नवल वाटू नये. डोंगरावर धूर दिसला की तिथे आग आहे असं आपण म्हणतो, कारण जिथे धूर तिथे आग ही व्याप्ती आधीच मान्य केलेली असते. धुराने आगीची परवानगी घेतली होती का, असं कोणी विचारत नाही. डोमेनची घोषणा ही अशी व्याप्ती आहे: जिथे ‘लेखक’ तिथे दस्तऐवज. फरक एवढाच, की नैयायिक धुकं पाहून फसला तर तो हेत्वाभास म्हणून मोकळा होतो. यंत्राला धूर आणि धुकं यांतला भेद सांगायला कोणी नसतं. त्याला जे दिलं ते धूरच.

खरं सांगायचं तर त्या शिफारशीनेही दार पूर्ण लावलं नव्हतं. वेगवेगळे प्रोग्रॅम या माहितीचा वेगवेगळा उपयोग करतील, चुका शोधणारा चुका शोधेल, अनुमान काढणारा अनुमान काढेल, अशा अर्थाचं एक कलम तिच्यात आहे. ज्याला कुंपण हवं होतं त्याला ते कलम वाचून कुंपण दिसलं. मी ग्रंथपाल असतो तर मलाही दिसलं असतं.

लंडनच्या बैठकीनंतर काम सुरू झालं ते अशा पार्श्वभूमीवर. डब्लिन कोअर आणि आरडीए यांचा संयुक्त कार्यगट बसला, डायेन हिलमन आणि गॉर्डन डन्सायर हे त्याचे सहअध्यक्ष. हिलमनबाईंनी मार्कमध्येही हात घातलेला आणि मेटाडेटातही. डन्सायर स्कॉटलंडचे, पुढे आरडीएच्या संचालन समितीचे अध्यक्ष झाले. जॉन फिप्स यांनी नोंदणीसाठी ‘ओपन मेटाडेटा रजिस्ट्री’ उभी केली होती. कॅलिफोर्नियाच्या कॅरन कॉइल यांच्यासारखी, दोन्ही घरांत ऊठबस असलेली माणसं सोबतीला होती. नियमावलीचा मजकूर अजून लिहिला जात होता, आणि इकडे तिच्यातून एकेक घटक उचलून त्याची प्रॉपर्टी बनवणं चाललेलं. हलत्या बोटीतून मासे मोजण्याचाच प्रकार.

सगळ्यात सरळ वाटणारा रस्ता असा होता, की फर्बर सांगतं पृष्ठसंख्या प्रकट रूपाची, तर पृष्ठसंख्येचं डोमेन प्रकट रूप. भाषेचं डोमेन अभिव्यक्ती. घरातला माणूस घराबाहेर काढून त्याच्या गळ्यात घराचा पत्ता अडकवायचा. फर्बर आणि आरडीएफ दोन्ही खूश.

खूश कोण नव्हतं, तर बाकीचं जग. एखाद्या छोट्या संग्रहालयाची सपाट यादी घ्या. तिच्यात एका पुस्तकाची एक ओळ: शीर्षक, भाषा, पृष्ठसंख्या, आणि कोपऱ्यात पाण्याचा डाग असल्याची टीप. फर्बरचे चार पदर त्यांच्या गावीही नाहीत. त्यांनी सद्भावनेने आरडीएच्या प्रॉपर्टी उचलल्या. यंत्र वाचू लागलं. पृष्ठसंख्या आहे, म्हणजे हे प्रकट रूप. भाषा आहे, म्हणजे ही अभिव्यक्ती. डाग आहे, म्हणजे ही प्रत. एकच वस्तू एकाच वेळी तिन्ही. आणि इफ्लाने फर्बरची जी आरडीएफ आवृत्ती नोंदवली तिच्यात हे वर्ग परस्परांपासून विलग आहेत, एक ते दुसरं असूच शकत नाही, असं घोषित केलेलं! म्हणजे बिचारं संग्रहालय काही चुकीचं न लिहिता तर्कातला विरोधाभास लिहून बसलं. कुंपणाने शेत खाण्याची म्हण आपल्याकडे आहे. इथे गंमत अशी, की ते कुंपणही नव्हतं.

कॅरन कॉइल यांनी पुढे फर्बरवर आख्खं पुस्तक लिहिलं, ‘फर्बर, बिफोर अँड आफ्टर’, आणि त्यात या विलगपणाची चांगली झाडाझडती घेतली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मनातल्या मनात केलेले पदर आणि यंत्राला सांगितलेले वर्ग या दोन गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात सोयीचं जे असतं ते दुसऱ्या प्रकारात गळफास होऊ शकतं. मला हे पटतं. फर्बरच्या मूळ लेखकांनी विचार करायला एक चौकट दिली होती. तिचे खिळे ठोकले ते नंतर.

हिलमन-डन्सायर गटाला हा धोका लवकर दिसला, हे त्यांच्या श्रेयाचं. २०१० च्या सुरुवातीला त्यांनी आपल्या कामाचा वृत्तांत प्रसिद्ध केला तेव्हा त्यात तोड सांगितली होती. प्रत्येक घटकाच्या दोन प्रॉपर्टी करायच्या. एक सामान्य, तिला डोमेनच नाही, ती कोणालाही लागू. दुसरी तिची लेक, फर्बरच्या एखाद्या वर्गाला बांधलेली. ज्याला फर्बर हवं त्याने लेकीला बोलवावं, ज्याला नको त्याने आईला. आणि आरडीएफचा नियमच असा, की लेकीने जे सांगितलं ते आईनेही सांगितलं असं धरलं जातं, उलटं नाही. त्यामुळे काटेकोर नोंदी सपाट जगात विनासायास वाचता येतात. तपशील थोडा सांडतो, पण खोटं काही होत नाही. पुढे आरडीएच्या स्वतंत्र रजिस्ट्रीत या डोमेनमुक्त प्रॉपर्टींना ‘अनकन्स्ट्रेन्ड’, म्हणजे अनिर्बंध, असंच नाव मिळालं. नावात पुन्हा निर्बंध आलाच! ज्या गोष्टीला २००४ मध्ये निर्बंध म्हणायचं सोडून दिलं होतं तिच्या अभावाला २०१४ मध्ये अनिर्बंध म्हटलं गेलं. जुनी सवय भाषेतून जात नाही ती अशी.

या सगळ्या काळात एक शेजारचं काम मात्र सुरळीत झालं, आणि त्याने फरक ठळक होतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये काम करणारे एड समर्स यांनी २००८ मध्ये तिथली विषयशीर्षकं लिंक्ड डेटाच्या रूपात स्वतःच्या संकेतस्थळावर मांडली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते संकेतस्थळ बंद करावं लागलं, आणि २००९ मध्ये ग्रंथालयाने स्वतःच आपल्या पत्त्यावर तीच सेवा सुरू केली. विषयांच्या याद्या वेबवर आणणं तुलनेने सोपं गेलं, कारण तिथे कोण कोणाच्या वर असा प्रश्न असतो, कोण कोणाला लागू असा नसतो. नामं चटकन गेली. अडलं ते क्रियापदांपाशी.

आरडीएच्या रजिस्ट्रीतला आणखी एक निर्णय गमतीचा आहे. प्रॉपर्टीच्या पत्त्यात इंग्रजी शब्द ठेवायचा की नाही? आरडीए अनेक भाषांत वापरायची होती. एकाच भाषेचा शब्द पत्त्यात कोरला की बाकीच्या भाषा पाहुण्या ठरतात. म्हणून पत्ते आकड्यांचे झाले: प्रकट रूपाच्या मुख्य शीर्षकासाठी ‘पी ३०१५६’. नाव हवं तर प्रत्येक भाषेतलं वेगळं लावा, पत्ता एकच. तत्त्व अगदी न्याय्य. पण प्रोग्रॅमर मंडळी वैतागली, पी ३०१५६ डोळ्यांना काय सांगणार? शेवटी आकड्यांच्या जोडीला वाचता येणारं टोपणनावही द्यावं लागलं. मार्कचे २४५ पाठ करण्यात आयुष्य घालवलेल्या तालिकाकारांना या वादात हसू आलं असेल तर त्यांना कोण दोष देईल?

इकडे नियमावली जून २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या तीन राष्ट्रीय ग्रंथालयांनी तिची चाचणी घेतली आणि २०११ मध्ये असा निर्वाळा दिला, की ही स्वीकारू, पण मार्कची जागा घेणारं काहीतरी उभं करण्यात ठोस प्रगती दिसू दे. लायब्ररी ऑफ काँग्रेसने ३१ मार्च २०१३ पासून आरडीए लागू केली आणि दुसरीकडे ‘बिबफ्रेम’ नावाचा स्वतःचा आराखडा हाती घेतला. त्यात फर्बरचे चार पदर नव्हते. २०१२ च्या मसुद्यात कृती आणि इन्स्टन्स असे दोनच पदर, २०१६ मध्ये प्रत हा तिसरा आला. बिबफ्रेमच्या शब्दकोशात प्रॉपर्टीसमोर ‘कशासोबत वापरतात’ आणि ‘कोणतं मूल्य अपेक्षित’ अशी शिकवणीच्या सुरातली लेबलं दिसतात. सूर बघा: हुकमाचा नाही, अनुमानाचाही नाही. शेजारणीने सांगावं तसा. स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आपली ‘लिब्रिस’ ही संयुक्त तालिका २०१८ मध्ये याच वाटेवर नेली.

हाच सूर आणखी एका ठिकाणी लागत होता, आणि आता गुहा पुन्हा येतात. जून २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ हा सामायिक शब्दसंग्रह सुरू केला. त्यामागे गूगलमधून गुहा होते. डॅन ब्रिकलीही तिथेच आले. पानापानांवर वेबमास्टर लोक घाईघाईत शब्द लावणार, तर्कशास्त्र कोण वाचणार, हे दोघांना पक्कं ठाऊक होतं. ज्या शब्दाचा अर्थ त्यांच्याच संपादनाखाली २००४ मध्ये फिरला होता, तो त्यांनी इथे वापरलाच नाही. नवा घडवला: ‘डोमेन इन्क्लूड्स’. डोमेनमध्ये हेही येतं. लेखक ही प्रॉपर्टी पुस्तकालाही लावतात, आणखी कशाकशालाही लावतात, यादी उघडी आहे. एकाहून अधिक दिली तर त्यांपैकी कोणतंही. म्हणजे २००० सालच्या मसुद्यातलं ‘किंवा’ मागच्या दाराने परत आलं. मात्र या वेळी त्यावरून कोणी काही ठाम निष्कर्ष काढावा अशी अपेक्षाच नव्हती. ज्याला निष्कर्ष नको त्याला ‘किंवा’ परवडतं. ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेने जून २०१२ मध्ये वर्ल्डकॅट या आपल्या संयुक्त तालिकेच्या पानांवर हे शब्द लावले आणि कोट्यवधी ग्रंथनोंदी एका फटक्यात या सैलसर बोलीत बोलू लागल्या.

मग ग्रंथपालांच्या कुंपणाचं काय झालं? ते हवंच होतं. शीर्षक नसलेली नोंद ही शीर्षक अजून कळायचं आहे अशी नोंद आहे, हे उघड्या जगाचं तत्त्वज्ञान तालिका विभागात चालत नाही. तिथे ती अपुरी नोंद असते आणि संध्याकाळपर्यंत पुरी करायची असते. याचं उत्तर खरं तर आधीच कोणी देऊन ठेवलं होतं. बाथच्या रेचल हीरी आणि मंजुळा पटेल यांनी २००० मध्येच मांडलं होतं, की शब्द सगळ्यांचे आणि वापराचे नियम आपापले. ते नियम ‘ॲप्लिकेशन प्रोफाइल’ नावाच्या वेगळ्या कागदात ठेवा. शब्दाच्या व्याख्येत घरचे कायदे कोंबू नका. लंडनच्या बैठकीतही अशा प्रोफाइलचा ठराव झाला होता. पण प्रोफाइलमधले नियम यंत्राला तपासता येतील अशी सर्वमान्य भाषा तेव्हा नव्हती, म्हणून सगळा भार बिचाऱ्या डोमेनवर पडला. ती भाषा यायला २० जुलै २०१७ उजाडलं. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने ‘शॅकल’ शिफारस केली. हिच्यात तुम्ही सांगता, की आमच्याकडे प्रकट रूपाला मुख्य शीर्षक असायलाच हवं आणि ते मजकुराच्या रूपातच हवं. नसेल तर यंत्र अहवाल देतं, अमुक ठिकाणी नियम मोडला. ती तांबडी अक्षरं परत आली. ज्या कार्यगटाने ही भाषा घडवली त्यात कॅरन कॉइल होत्या.

डब्लिन कोअरच्या घरात या गोष्टीचं एक लहानसं उपकथानक चालू होतं. १९९५ च्या मार्चमध्ये ओहायोतल्या डब्लिन गावी जमलेल्या माणसांनी तेरा घटकांची एक साधी यादी केली होती. पुढे ती पंधरांची झाली. तिच्यातला ‘ऑथर’ नंतर ‘क्रिएटर’ झाला, कारण चित्राला, नकाशाला ऑथर म्हणायला जीभ वळेना. (तैलचित्राचा पेच त्यांना तेव्हाच दिसला होता म्हणायचं.) हे शब्द जगभर कसेही वापरले गेले. कोणी क्रिएटरसमोर माणसाचा वेब-पत्ता लिहिला, बहुतेकांनी नुसतं नाव टाइप केलं. १४ जानेवारी २००८ रोजी डब्लिन कोअरने शिस्त लावायची ठरवली. जुन्या पंधरांना हात न लावता त्याच नावांच्या पंधरा नव्या प्रॉपर्टी वेगळ्या नामावलीत काढल्या आणि त्यांतल्या पुष्कळांना रेंज दिली. नव्या क्रिएटरची रेंज ‘एजंट’, म्हणजे कर्ती व्यक्ती किंवा संस्था. झालं, नुसतं नाव टाइप करणारे सगळे तर्काच्या दृष्टीने अडचणीत आले, कारण अक्षरांची माळ ही कर्ती व्यक्ती होऊ शकत नाही. लोकांनी वापर बदलला नाही. बारा वर्षं वही एक सांगत राहिली आणि बाजार दुसरं करत राहिला.

२० जानेवारी २०२० रोजी नवी आवृत्ती निघाली. शीर्षकाची रेंज होती तशी, ठाम ठेवली. क्रिएटरच्या रकान्यात मात्र एक शब्द वाढला. आधी लिहिलं होतं: रेंज, एजंट. आता लिहिलं आहे: ‘रेंज इन्क्लूड्स’, एजंट. त्याच दस्तऐवजात खाली जुन्या पंधरांची यादी अजून आहे. तिथल्या क्रिएटरसमोर डोमेन नाही, रेंज नाही. फक्त एक टीप आहे, की याच नावाची दुसरी एक प्रॉपर्टी वरच्या नामावलीत जाहीर केलेली आहे.